परसातला चैत्र : प्रस्तावना

परसातल्या फळाचा स्वयंपाक झाडाखाली सुरू होतो आणि निम्मा तिथेच आटोपतो. कुठलं फळ, कुठल्या दिवशी, कुठल्या फांदीवरचं, देठासकट की देठाशिवाय, हे ठरलं की पुढे चुलीवर करायचं काम थोडंच उरतं. पाककृतींच्या पुस्तकांत हा निम्मा भाग बहुधा गृहीत धरलेला असतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आलं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. मराठी घरांना या दोघींनी जे दिलं त्याचं ऋण मानूनच मी हे लिहिते आहे. पण ‘दोन कैऱ्या घ्या’ या वाक्याशी मी दरवेळी थबकते. कुठल्या कैऱ्या? फाल्गुनातल्या, ज्यांची कोय अजून सुरीने सहज कापली जाते? की वैशाखातल्या, ज्यांचा बाठा दगडासारखा झालेला असतो? त्या दोन कैऱ्यांत नावाखेरीज फारसं काही सारखं नसतं. एकीचं पन्हं होईल, दुसरीचं लोणचं. अदलाबदल केली तर दोन्ही बिघडतील.

हे पुस्तक कोकणातल्या घराच्या मागच्या दारचं आहे, आणि वर्षातल्या एका तुकड्याचं आहे. चैत्र आणि वैशाख, म्हणजे मार्चच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंतचा वसंत. या दिवसांत परसात जे पिकतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे अजून पिकलेलं नसतं, त्याची तोडणी आणि त्याचा स्वयंपाक हा त्याचा विषय. फळ म्हटलं की आपल्यासमोर पिकलेलं फळ येतं. कोकणातल्या वसंताचा स्वयंपाक मात्र मुख्यतः कच्च्या फळांवर उभा आहे. कैरी, कोवळा फणस, ओले काजूगर. पिकण्याआधीच्या प्रत्येक पायरीवर फळाला वेगळी चव असते, वेगळा पोत असतो, आणि त्या त्या पायरीसाठी घराने एकेक पदार्थ शोधून ठेवलेला असतो. फळाची वेळ ओळखणं ही या स्वयंपाकातली मुख्य विद्या आहे असं मला वाटतं. फोडणी, वाटण, प्रमाण हे सगळं तिच्या मागून येतं.

परस म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आखीव बाग येण्याचा संभव आहे. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराचं परस कुणी आखलेलं नाही. मागच्या पडवीतून उतरलं की न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेल्या केळी आणि अळू. पुढे विहीर, विहिरीच्या कडेने माड. फणस घराच्या अगदी जवळ, इतका की त्याची सावली दुपारी कौलांवर येते. रातांब्याची झाडं उताराच्या खालच्या अंगाला, जिथे ओल टिकते आणि वर दुसऱ्या झाडांची सावली असते. काजू गडग्याच्या पलीकडे, कातळाकडच्या निकस जांभ्या मातीत, कारण तिथे दुसरं काही तग धरत नाही. आणि गडग्याला लागून रायवळ आंबे. ज्याला जिथे जगता आलं तो तिथे राहिला. घरातल्या माणसांनी फक्त तोडलं नाही, एवढंच त्यांचं नियोजन.

रायवळाबद्दल थोडं थांबून सांगते. हापूसचं कलम असतं. एका झाडाचा आंबा दुसऱ्या झाडाच्या आंब्यासारखाच येतो. पोर्तुगीज काळात गोव्यातून पसरलेल्या या कलमांनी कोकणाचं अर्थकारण बदललं. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही रास्तच झालं. पण हापूस पेटीत भरून मुंबईला जातो. घर चालतं ते रायवळावर. कुणीतरी चोखून टाकलेल्या कोयीतून उगवलेला हा आंबा, म्हणून प्रत्येक झाड वेगळं. एक शेंदऱ्या, एक खोबऱ्या, एक इतका आंबट की पिकल्यावरही कुणी नुसता खात नाही. त्या आंबट झाडाची कैरी लोणच्याला सर्वांत चांगली. दुसऱ्याचा रस पातळ, त्याची साठं छान वाळतात. तिसऱ्याचे आंबे लिंबाहून थोडे मोठे, ते अख्खेच मिठाच्या पाण्यात जातात किंवा पिकल्यावर मोहरी आणि नारळाच्या वाटणात सासवाला पडतात. घरातल्या बाईला परसातलं प्रत्येक झाड असं स्वभावासकट माहीत असतं. हे ज्ञान कुठल्याही रोपवाटिकेच्या पाटीवर मिळत नाही, आणि झाड पडलं की त्याच्याबरोबर जातं. रायवळ आंबे लाकडासाठी तोडले जातात तेव्हा माझा जीव तुटतो तो यामुळे.

आता चैत्रातली एक सकाळ. उन्हाळ्याला सारे नावं ठेवतात, पण किनाऱ्यालगतच्या चैत्रातली सकाळ ही वर्षातल्या सुखाच्या वेळांपैकी एक असते. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अजून थांबलेला नसतो. दुपारी खारा वारा आत येईपर्यंत मध्ये एक तासा-दोन तासांची घुसमट असते, तेव्हा माणसं आणि गुरं सावली धरतात. तोडणीचं सगळं काम त्या घुसमटीच्या आधी उरकायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे लोकही हेच सांगतात : आंबा उन्हाआधी किंवा ऊन उतरल्यावर काढा, आणि काढलेलं फळ उन्हात ठेवू नका. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कोकणाला बरंच काही दिलं. घरगुती दृष्टीने मला सर्वांत आवडती देणगी म्हणजे ‘नूतन झेला’. बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी आणि तिच्या तोंडाशी पातं. फळ देठासकट कापलं जाऊन पिशवीत पडतं.

देठाचं महत्त्व ज्याने हापूसची पेटी बाजारात पाठवली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आंब्याच्या देठाजवळ चीक दाबाने भरलेला असतो. फळ सांध्याशी तुटलं की तो पिचकारीसारखा उडतो आणि सालीवर जिथे ओघळेल तिथे ती जळते. आधी दिसत नाही. दोन दिवसांनी काळे डाग उमटतात आणि डागाखाली कुज धरते. चार-पाच सेंटिमीटर देठ राखला की चीक आतच राहतो. हे झालं पिकवायच्या आंब्याचं. पन्ह्याच्या कैरीचा देठ घरी आणून मुद्दाम मोडायचा, कैरी देठाकडून खाली धरून चीक पूर्ण गळू द्यायचा, मग धुवायची. तो राहिला तर पन्ह्याला घशात खवखवणारी चव येते.

तोडणीला एक क्रम असतो. आधी कैऱ्या, मग काजू, मग रातांबे असतील तर ते, आणि फणस सर्वांत शेवटी. फणसाचा चीक एकदा हाताला लागला की बाकी कशालाच हात लावता येत नाही. आमच्याकडे हा क्रम माझ्या आत्याच्या ताब्यात असतो. तिचं वय झालं आहे. ती आता खाली उभी राहून फक्त सांगते, आणि झेला धरलेला माणूस निमूट ऐकतो.

“ती नको. तिला अजून बाठा धरायचाय. तिच्या मागची काढ.”

“कशावरून, आत्या?”

“अगं, खांदे बघ की तिचे. देठापाशी अजून उतरतेच आहे ती.”

हे खांद्यांचं लक्षण अगदी खरं आहे. आंबा भरत आला की देठाच्या दोन्ही बाजू वर येतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. साल तुकतुकीत हिरवी असते ती फिकी पडते, तिच्यावरचे ठिपके मोकळे होतात. बागायतदार याला आण्यांत मोजतात. बारा आणे तयार, चौदा आणे तयार. चौदा आण्यांचा आंबा काढून गवताच्या आढीत घातला की आठ-दहा दिवसांत नीट पिकतो. पाण्याच्या बादलीत टाकून पाहण्याची रीतही जुनी आहे. भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. सोळा आणे होऊ दिला, म्हणजे झाडावरच पिकू दिला, तर तो खाली पडतो आणि माणसाच्या आधी मुंग्यांना मिळतो. नाणी जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे माप टिकलं, कारण फळाची तयारी सांगायला त्याहून सोयीचं दुसरं सापडलं नाही.

कैरीच्या पायऱ्या या पुस्तकात सर्वांत विस्ताराने आल्या आहेत, आणि तसं करताना मला कसलाही संकोच वाटला नाही. मोहर गळून गेल्यावर सुपारीएवढी झालेली बाळकैरी वाऱ्याने आपोआप पडते. झाड जेवढी फळं धरतं त्यातली बहुतेक असंच टाकून देतं. ती वेचून मिठात घालायची. तिच्यात कोय म्हणावी असं काही नसतं. मग कोय दिसू लागते पण कापली जाते. या वेळी कैरी सर्वांत आंबट आणि सर्वांत रसरशीत असते. किसून हरभऱ्याच्या भिजवलेल्या डाळीत घातली की आंबेडाळ. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं आणि त्यात आंबेडाळ आणि पन्हं असतं. ही सांगड कुणी विचार करून घातली की आपोआप पडली, ते सांगता येत नाही, पण त्या महिन्यातली कैरी या दोन पदार्थांना जशी जुळते तशी आधीची जुळत नाही आणि नंतरची तर मुळीच नाही. डाळ भरड वाटायची, पाट्यावर वाटली तर उत्तम. खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी गार करून. गरम फोडणी घातली तर कैरीचा किस मरगळतो.

पन्ह्याबद्दल माझं मत ठाम आहे : गूळच घालावा. साखरेचं पन्हं दिसायला स्वच्छ असतं, पण कैरीच्या आंबटपणाला लागणारा भार साखरेत नाही. कैरी उकडून किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजून गर काढायचा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. दीडपट की दुप्पट हे पुस्तक सांगू शकत नाही. ते झाड सांगतं. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा किंचित वास येतो, आणि ज्या घरांत अजून मागच्या अंगणात चूल आहे त्यांनी तो सोडू नये.

त्यानंतर बाठा धरतो. आता कैरी कडक, फोड सुरीखाली करकर वाजते. ही लोणच्याची, मेथांब्याची आणि आंबोशीची. मेथांब्याच्या फोडी गुळात शिजूनही उभ्या राहायला हव्यात, म्हणून कोवळी कैरी इथे चालत नाही. आणखी पंधरा दिवसांनी आत पिवळी छटा येते, आंबट आणि गोड यांच्या मधली. तेव्हा साखरांबा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांविषयी लिहिलं आहे. तिथे आंब्याची स्तुती करताना कच्च्या आंब्याचं तोंडीलावणं फार छान होतं आणि पाकातला आंबाही चांगला लागतो, हे त्याने नोंदलं. फळ पिकायची वाट न पाहता त्यातून चव काढणारी स्वयंपाकघरं तेव्हाही होती, आणि परक्या माणसालाही त्यांचं कसब जाणवलं.

काजूकडे वळते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेलं हे झाड आता कोकणचंच वाटतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आज सगळीकडे लावल्या जातात, आणि वाळलेल्या काजूगराचा धंदा मोठा आहे. पण ज्याने ओले काजूगर खाल्ले नाहीत त्याने काजू खाल्ला असं मी मानत नाही. बी पूर्ण वाढली आहे पण टरफल अजून हिरवं आणि मऊ आहे, या दोन स्थितींच्या मधल्या काही दिवसांत ती तोडावी लागते. उशीर केला की टरफल लाकडासारखं होतं आणि मग भाजल्याशिवाय गर निघत नाही. तोडलेली बी विळीवर उभी चिरायची, टोकदार काडीने गर उचलायचा, कोमट पाण्यात टाकून वरची साल काढायची. ऐकायला सोपं आहे. टरफलातलं तेल मात्र कातडी जाळतं. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि बिब्बा अंगावर उततो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काजूचं तेल त्याच जातीचं. म्हणून हाताला खोबरेल चोपडून, राखेत बोटं घोळवून मगच बसायचं, लहान मुलांना जवळ बसवायचं नाही, आणि कच्ची बी दातांनी फोडायचा विचारही करायचा नाही. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठांवर पुरळ येतं त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

एवढ्या कष्टांनी निघालेला वाटीभर गर उसळीला पुरतो. त्याला फार मसाला नको. ओलं खोबरं, धणे, एखादी लाल मिरची यांचं वाटण, कांदा हवा तर, आणि शेवटी कोकम. गर शिजल्यावर लोण्यासारखा मऊ होतो पण मोडत नाही. वाळलेले काजू रात्रभर भिजवून ही उसळ करण्याची पद्धत शहरात आहे. पदार्थ वाईट होत नाही, पण तो वेगळा पदार्थ आहे. त्याच दिवसांत गडग्यापलीकडे बोंडू पिकून पडायला लागतात. बोंडू म्हणजे खरं तर फुगलेला देठ, खरं फळ त्याच्या टोकाची बी. मीठ लावून खाल्ला तरी घसा धरतो, पण रस सुटतो तो सुगंधी. सीमेपलीकडे गोव्यात हाच रस आंबवून हुर्राक आणि फेणी होते, आणि गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली मानांकन मिळालं. आमच्या बाजूला बोंडू बराचसा मातीत जातो. त्याचं सरबत आणि लोणचं कसं करावं हे मी मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

फणसाला परसात मानाची जागा आहे, आणि पदार्थांच्या विस्तारात तो आंब्याच्या तोडीचा आहे. माघ-फाल्गुनात त्याच्या खोडाला मुठीएवढ्या कुयऱ्या लागतात. तेव्हा आत गरा, आठळी, पाती असा भेद नसतो. साल काढली की सगळंच खायचं. उकडून, ठेचून, लाल मिरचीच्या फोडणीवर परतलेली कुयरीची भाजी ही वर्षातली पहिली फणसाची भाजी. चैत्रात गरे आकार धरतात, कोरडे आणि कुरकुरीत. आता भाजी गऱ्यांची, त्यात आठळ्या, वाल किंवा काळे वाटाणे, गुळाचा खडा, मूठभर खोबरं. हेच गरे उभे चिरून खोबरेलात तळायचे. वैशाखात फणस पिकतो. बोटाने वाजवला की भरीव आवाज पोकळ होतो, काटे पसरट आणि बोथट होतात, आणि त्यानंतर वास घरभर सांगतोच. कापा असेल तर फोडून खायचा. बरका असेल तर गरे गिळगिळीत, ते चाळणीवर घासून रस काढायचा आणि त्यात तांदळाचा रवा भिजवून सांदणं वाफवायची, नारळाच्या दुधाशी खायची. उरलेला रस ताटांत पसरून उन्हात, ती फणसपोळी. आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवून पावसाळ्यात भाजायला. एका फळातून पाच महिन्यांचं जेवण निघतं. २०१८ साली केरळने फणस हे आपलं राज्यफळ म्हणून जाहीर केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि आपल्याकडे फणसाखाली कुजून पडलेला ढीग पाहिला की तेवढंच वाईट वाटतं.

फणस फोडण्याचं तंत्र वाचून येत नाही, तरी लिहिलं आहे : विळीला, हातांना, खाली पसरलेल्या पोत्याला खोबरेल. चीक आधी काडीवर गुंडाळून काढायचा, पाणी नंतर. उलट केलं की विळी आठवडाभर चिकट राहते.

रातांबा वसंताच्या अगदी शेवटी येतो आणि घाईत येतो. पावसाच्या आधी फळ काढून, सालं वाळवून संपवायची असतात. वळीव लवकर आला तर झाडावरचं फळ सडतं, आणि अंगणात वाळत घातलेल्या सालांना बुरशी येते. सालं आपल्याच रसात भिजवून उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. पाच-सात पुटं चढली की आमसूल काळं, लवचिक आणि चकचकीत होतं. मीठ घालून साठवलेला रस म्हणजे आगळ, वर्षभराच्या सोलकढीला. साखरेत मुरवलेल्या सालांचं अमृत कोकम. बियांचं तेल गोठवून मुठीने वळलेलं मुठेल, जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायचं. रातांब्याच्या झाडांत नर-मादी वेगळी असतात आणि बी लावून आलेल्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात. फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, ते कळतही नाही. म्हणून आता कलमं लावतात. पण आमच्या उतारावरचं एक झाड नर आहे हे कळल्यावरही घरात कुणी त्याला कुऱ्हाड लावली नाही. परागकण कुठून तरी यायला हवेत, हे त्यामागचं कारण, आणि पुरेसं कारण.

बाकीच्या फळांना मी थोडक्यात जागा दिली आहे. करवंदं परसातली नव्हेत, वाटेवरची. त्यांचं कच्चं लोणचं तेवढं घेतलं. बिमलं खोडाला घोसांनी लागतात, माशाच्या आमटीला आणि मिठातल्या लोणच्याला छान, पण त्यांचा रस ग्लासभर पिऊ नये. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने मूत्रपिंडाला इजा होते. जांभूळ पावसाच्या तोंडाशी येतं, तेव्हा हे पुस्तक संपलेलं असतं.

आता थोडं अप्रिय. कोकणातली पुष्कळ घरं वर्षाचे दहा महिने बंद असतात. चाकरमानी मंडळी शाळांना सुट्टी लागली की येतात, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये. तोवर कुयरी होऊन गेलेली असते, ओल्या काजूगराचे दिवस सरत आलेले असतात, आंबेडाळीची कैरी बाठा धरून बसलेली असते. दोन पिढ्यांना माहीत असलेलं कोकण हे पिकलेल्या आंब्याचं आणि कापलेल्या फणसाचं आहे, कारण सुट्टीचं वेळापत्रक तेवढंच दाखवतं. कच्च्या फळांचा स्वयंपाक विसरला जातो आहे त्यात नव्या मुलींच्या आळसाचा काहीच संबंध नाही. त्या वेळी त्या तिथे नसतात. त्यात वानर आणि माकडं कोवळी फळं आधीच ओरबाडतात, आणि भर मोहरात आलेला अवकाळी पाऊस मोहर काळा करून जातो, मग झाड पुन्हा मोहरतं आणि एकाच फांदीवर तीन वयांची फळं दिसतात. पूर्वी महिन्यावरून कैरी ओळखता येत असे. आता झाडाजवळ जाऊन खांदे बघावेच लागतात. म्हणून या पुस्तकात तिथीपेक्षा लक्षणांवर भर दिला आहे.

ज्यांचं परस उरलेलं नाही त्यांनाही हे वापरता यावं अशी माझी इच्छा आहे. पुण्याच्या जुन्या बंगल्यांत, ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारांत एखादं आंब्याचं झाड असतंच. त्याला लागलेल्या कैऱ्या बहुतेक ठिकाणी माळ्याच्या नाहीतर दगड मारणाऱ्या मुलांच्या वाट्याला येतात. त्या झाडाखाली फाल्गुनापासून आठवड्यातून एकदा उभं राहावं, एक कैरी काढून कापून पाहावी. मार्चच्या मध्याला कोय कापली जाते का? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात? एका वर्षात ते झाड ओळखीचं होतं, आणि पुढच्या वर्षी डाळ कधी भिजवायची हे ठरवायला कॅलेंडर लागत नाही. मंडईतून घेणाऱ्यांनीही विक्रेत्याला एक कैरी चिरून दाखवायला सांगावं. कोय पाहिल्याशिवाय लोणच्याची कैरी घेऊ नये.

पुस्तकाची रचना साधी आहे. फळानुसार प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणात फळाच्या वाढीच्या क्रमाने पदार्थ. प्रत्येक पदार्थाच्या आधी ‘तोडणी’ या नावाचा परिच्छेद आहे. तो वगळून थेट कृतीकडे जाऊ नये ही विनंती. प्रमाणं वाटीने दिली आहेत, पण जिथे आंबटपणाचा प्रश्न आहे तिथे गूळ आणि मीठ यांची मर्यादा सांगून निर्णय करणाऱ्याच्या जिभेवर सोडला आहे. एका जागी मात्र प्रमाण काटेकोर आहे, ते म्हणजे खारातल्या कैऱ्यांचं मीठ आणि लोणच्याचं मीठ. ते कमी केलं तर बरणी पावसाळ्याच्या आत फसफसते. काजू, फणस आणि आंबा यांच्या चिकाविषयीच्या सूचना त्या त्या ठिकाणी पुन्हा दिल्या आहेत, कारण कुणीही पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाही, हव्या त्या पदार्थाचं पान उघडतो.

पदार्थ सांगणाऱ्या बायका गुहागर, दापोली, राजापूर आणि मालवणकडच्या आहेत. एकाच पदार्थाच्या दोन रीती मिळाल्या तेव्हा मी त्यांची सरासरी काढली नाही, दोन्ही दिल्या. मेथांब्यात लाल तिखट घालावं की नाही यावर राजापूर आणि मालवणच्या दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. दोन्ही मेथांबे पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. पहिलं प्रकरण आंब्याचं असावं असा आग्रह जवळजवळ सगळ्यांनी धरला होता. मी ते फणसाच्या कुयरीने सुरू केलं आहे, कारण परसात पहिली विळी तिच्यासाठी निघते.